हुरड्याच्या दिवसांतला पोकर

जानेवारी लागला की पाथरी रोडच्या कडेला पोती अंथरून हुरडेवाले बसतात. मी मानवत तालुक्यात कृषी सहायक आहे, रोज परभणीहून स्कूटीवर ये-जा करते, त्यामुळे यंदाचा हुरडा आला ही बातमी मला नाकानंच कळते. गोवऱ्यांचा धूर, त्यात भाजल्या ज्वारीचा गोडूस वास. परवा संध्याकाळी गाडी उभी करून हुरडा घेत होते, तर पलीकडं लिंबाखाली कॉलेजातली तीन-चार पोरं एका मोबाइलवर वाकलेली दिसली. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "टाकून दे लेका, टाकून दे. तुझ्याकडं पत्ता न्हाई."

आता पैशांचे हे खेळ कायद्यानं बंद झालेत. पोरं खोट्या चकत्यांवर खेळत असावीत. मला विचारायचं काही काम होतं का? पण नाक खुपसायची माझी जन्माची खोड. मी म्हटलं, "कलर मोठा का सिक्वेन्स?"

पोरं उडालीच. साडी नेसलेली, हातात हुरड्याचा पुडा घेतलेली बाई पोकरचं विचारते म्हटल्यावर एकानं मोबाइल खिशात घातला. दुसरा जरा धीट होता, म्हणाला, "कलर मोठा, मॅडम." मी म्हटलं, "बरोबर. आम्हाला हे कळायला अख्खा आठवडा लागला होता." आणि तिथून घरी पोहोचेपर्यंत मी काही रस्त्यावर नव्हतेच.

आम्ही बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तेव्हाची ही थंडी. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला एका घराच्या गच्चीवर आमची खोली होती. खोली कसली, पाण्याच्या टाकीशेजारी पत्रे ठोकून केलेला आडोसा. पण उगवतीचं ऊन पहिलं आमच्या दारात यायचं आणि सकाळी दात घासताना विद्यापीठाची ज्वारीची शिवारं पार टोकापर्यंत दिसायची. मी आणि रेणुका तिथं राहत होतो. रेणुका जिंतूरकडची. रस्त्यावरच्या फाट्यापासून आत बरंच चालत गेलं की तिचं गाव. आमच्याबरोबर तिसरी एक होती, ती दिवाळीनंतर लग्न होऊन गेली आणि तिच्या वाट्याचं भाडं आमच्या दोघींच्या डोक्यावर आलं. घरमालकीण मनाची चांगली, संक्रांतीला आम्हाला वाण द्यायची. पण भाड्याच्या बाबतीत तिचा कधी कानाडोळा झाला नाही.

रेणुकाच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, फोनवर सरळ सांगितलं होतं, "माय, एवढं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. फेब्रुवारीपासून घरून ये-जा कर." त्यात राग नव्हता की रडगाणं नव्हतं. भावाचं पॉलिटेक्निक सुरू झालं होतं, त्यालाही बाहेर खोली लागत होती, आणि दोन खोल्यांचं भाडं घराला झेपत नव्हतं, इतकंच. पण ये-जा करणाऱ्या मुलींचं काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. आमची प्रात्यक्षिकं भल्या सकाळी शेतावर असायची. पहिल्यांदा प्रात्यक्षिक बुडतं, मग हजेरी कमी पडते, मग परीक्षेला बसू देत नाहीत, आणि एक दिवस ती पोरगी येतच नाही. गावातून निरोप येतो की तिचं जमलं. रेणुकाला हे पक्कं माहीत होतं. खोली राहिली तर कॉलेज राहील, हे ती तोंडानं बोलायची नाही. पण जाग आली की आधी पत्र्याकडं बघत पडून राहायची.

अशात प्रशांत आला. प्रशांत आमच्या वर्गातला, मानवतचा, वसतिगृहात राहायचा. त्यानं कुठले तरी व्हिडिओ बघून मोबाइलच्या ॲपवर पैसे लावून खेळायचा पोकर शिकून घेतला होता, आणि शिकल्यापासून तो थंडीतसुद्धा काळा गॉगल लावून हिंडायचा. मेसमध्येही. आमटी वाढणारे मामा त्याला विचारायचे, "डोळे आले का रे?" तर हा म्हणायचा, "मामा, चेहऱ्यावरून कळू द्यायचं नसतं." काय कळू द्यायचं नसतं ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"आपल्याला पुस्तकात काय शिकवायलेत?" तो आमच्या गच्चीवर बसून म्हणाला. "शेतीला जोडधंदा पाहिजे. शेळीपालन, कुक्कुटपालन, मधमाश्या. शिक्षणाला नको का जोडधंदा? हा घ्या. शेळीला चारा लागतो, याला चार्जर."

"जुगार हाय तो," रेणुका म्हणाली.

"जुगार न्हाई. डोक्याचा खेळ हाय. जाहिरातीतच लिहिलंय."

जाहिरातीत लिहिलंय हे त्याच्या दृष्टीनं शेवटचं प्रमाण होतं. मला हसू आलं, पण कान टवकारलेच. तेव्हा वसतिगृहात ज्याला त्याला काहीतरी सुरू करायचं होतं. कुणी सुट्टीत रोपं विकायचा, कुणी शिकवण्या घ्यायचा, एकानं तर अळिंबीच्या पिशव्या खोलीतच टांगल्या होत्या आणि रेक्टरनं त्या अंगणात फेकल्या होत्या. घरी मागायची लाज वाटायचं वय आणि कमवायची सोय नसलेलं गाव, अशा दोहोंच्या मधे सगळे अडकलेले. त्यात कुणीतरी सांगतो की बसल्या जागी, डोक्याच्या जोरावर पैसे मिळतात, आणि डोकं तर आपल्याकडं आहे असं विशीत प्रत्येकाला वाटतंच. मी स्वतः एक रुपयाही लावला नाही. चिकटपणा अंगात मुरलेला. पण बघायचं मात्र होतं. माणसं न दिसणाऱ्या माणसांशी पत्ते कसे खेळतात, याचं मला भारी कुतूहल.

शिकायला आम्ही पैसे नाही, बियाणं वापरलं. उगवण चाचणीच्या प्रात्यक्षिकातून आणलेलं. हरभऱ्याचा दाणा सगळ्यात हलका, तूर त्याच्या वर, आणि मक्याचा दाणा म्हणजे राजा. उन्हात सतरंजी टाकायची, मधे पाच पत्ते उघडे मांडायचे, प्रत्येकाच्या हातात दोन. आम्ही सगळे तीनपत्तीत वाढलेले. तीनपत्तीत कलरला, म्हणजे एकाच चिन्हाच्या पत्त्यांना, ओळीनं लागलेला सिक्वेन्स खातो, पोकरमध्ये उलटं. रेणुका सिक्वेन्स लावून ऐटीत दाणे ओढायला जायची आणि प्रशांत गॉगल वर करून म्हणायचा, "ठेव खाली, कलर हाय माझा." ती चिडायची. "कशामुळं? आमच्या अंगणात तर असं न्हाई." प्रशांत म्हणायचा की तुझ्या अंगणाला कोण विचारायलंय. पण दाणे मात्र हळूहळू तिच्याच पुढं साचायला लागले. बियाणे विभागाचे सर वर्गात एकदा म्हणाले, "मका कमी कसा भरायलाय रे?" आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी वही उघडली.

रेणुका चांगली खेळायची याचं मला नवल वाटायचं. आणि ती खेळायची म्हणजे काय, तर बहुतेक वेळा खेळायचीच नाही. पत्ते बघायची आणि टाकून द्यायची. प्रशांतला प्रत्येक हातात काहीतरी शक्यता दिसायची. हिला दिसायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कापूस वेचायला गेल्यावर अर्धं उमललेल्या बोंडाला हात लावतेस का तू? सोडून द्यायचं. दुसऱ्या वेचणीला येतंय ते." मी परभणी शहरातली, मास्तरांची मुलगी, मी कुठल्याच बोंडाला कधी हात लावला नव्हता.

सुरुवातीचे पैसे तिनं वेचणीचेच लावले. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या रानात वेचायला गेली तरी आण्णा तिला बाकीच्या बायांसारखीच किलोवर मजुरी द्यायचे, हातावर ठेवायचे, म्हणायचे, "ही तुझी." त्यातले काही तिनं ॲपवर टाकले. आता तिला गच्चीवर, टाकीच्या उजव्या अंगाला, बरोब्बर रेंज येते तिथं पोतं टाकून बसलेली आठवते. अंगावर आण्णांचं जुनं जर्किन. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बोरं. ॲपवर नाव घ्यायचं होतं तर लोकांनी वाघ, बादशाह, किंग असलं काय काय घेतलेलं. हिनं घेतलं रेणू जिंतूर. प्रशांतनं कपाळावर हात मारला. "आगं, भ्यायला पाहिजे समोरचा." ती म्हणाली, "कामून? मला कुठं मारामारी करायचीय?"

संक्रांतीच्या आधीच्या त्या दिवसांत शिवारातली कणसं दुधात भरली होती. आम्ही प्रात्यक्षिकाला जाताना दवानं सलवारी गुडघ्यापर्यंत भिजायच्या. रखवालदार दादा पाखरं हाकायला डबा बडवायचे आणि आम्हाला बघून मुद्दाम जोरात बडवायचे. परत येऊन रेणुका ऊन धरून बसायची. मी शेजारी पुस्तक घेऊन, पण डोळा तिच्या मोबाइलवर. पडद्यावर गोल टेबल, भोवती सहा नावं. हे कोण असतील? गाझियाबादचा कुणी दुकानदार, मदुराईचा कुणी पोरगा, कुणी नवऱ्याला चोरून खेळणारी बाई? एक नाव विचार करायला फार वेळ घ्यायचं, आणि रेणुका म्हणायची, "त्याच्याकडं काहीच न्हाई, नुसता दम धरायलाय." आणि खरंच नसायचं. न दिसणाऱ्या माणसाच्या थांबण्यावरून तिला त्याचं मन कळायचं. मला मात्र समोरच्या प्रशांतचं गॉगल काढूनही कळत नव्हतं.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसं साचत गेलं. उन्हाळ्यापर्यंतचं तिच्या वाट्याचं भाडं निघायला थोडंसं कमी होतं, तेव्हा प्रशांत म्हणाला, "आता मोठ्या टेबलावर बस. सगळं घेऊन बस. एका बैठकीत होतंय." रविवार होता. खाली घरमालकीण तीळ भाजत होती, वास वर येत होता. रेणुका बसली आणि तासाभरात झालंसुद्धा. हवं होतं तेवढं आणि वर थोडं. प्रशांतनं गॉगल काढून टाकीवर ठेवला. मी म्हटलं, "ऊठ आता. बाहेर पड. गजरा घेऊन देते तुला."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली. टेबलावरचा एक गडी मघापासून तिच्याकडंच हरत होता, त्यानं लिहिलं होतं, "जिंतूरच्या का ताई? मी सेलूचा." आणि पाठोपाठ, "माझं सगळं गेलं. थांबा की जरा."

रेणुकाचं बोट थांबलं.

"काय बघायलीस? ऊठ," मी म्हटलं.

"तो हरायलाय गं. मी कशी उठू?"

इथं मला तिच्या घरचं अंगण सांगायला पाहिजे, नाहीतर हे कुणालाच कळणार नाही. पोळ्याला आणि दिवाळीला त्यांच्याकडं सगळी भावकी पत्ते खेळायला बसते, लेकीसुनांसकट. चिल्लरीवर. आणि तिथं आण्णांचा एक कायदा चालतो : जिंकणाऱ्यानं आधी उठायचं नाही. हरणाऱ्यानं आपल्या तोंडानं "बस झालं" म्हणून पत्ते खाली ठेवायचे, मग जिंकणारा मोकळा. तोवर बसायचं, जमलं तर चांगला पत्ता गुपचूप टाकायचा, समोरचा अगदीच रिकाम्या हातानं घरी जाऊ नये एवढं बघायचं. एकदा त्यांचा एक जावई जिंकता जिंकता "गाडी चुकंल" म्हणून उठला होता. त्याला पोरंबाळं झाली, केस पिकले, तरी गावात तो अजून उठ्या जावईच आहे. रेणुका या कायद्यात जन्मली होती. तो तिला कुणी शिकवला नव्हता, जसं ताटावरून मधेच उठायचं नाही हे शिकवावं लागत नाही.

"आगं ते अंगण न्हाई," प्रशांत ओरडला. "मोबाइल हाय तो."

"माणूस तर हाय न?"

आणि ती बसली. बसली ती बसली, त्याला त्याचे पैसे परत द्यायला लागली. चांगले पत्ते हातात असताना टाकून द्यायची, म्हणजे डाव त्याला जावा. पण अंगणात समोर काका असतो. इथं टेबलावर सहाजण. तिनं सोडलेला डाव दर वेळी सेलूवाल्यालाच कसा जाणार? वाघानं नेला, बादशाहनं नेला. बाई नरम पडली हे त्यांनी ओळखलं आणि वाळल्या रानात शेरडं शिरावीत तसे शिरले. अधूनमधून सेलूवाल्यालाही मिळत गेलं. ज्या हाताला त्याचं गेलेलं भरून निघालं, त्याच हाताला ते नाव टेबलावरून पुसलं गेलं. "बस झालं" नाही, "येतो ताई" नाही. रिकामी खुर्ची. रेणुका त्या खुर्चीकडं बघत राहिली आणि मग पहिल्यांदाच तिनं प्रत्येक हाताला खेळायला सुरुवात केली. तिळाचा वास विरायच्या आत सगळं संपलं.

मला राग आला. खरं सांगते, अजून येतो. मी तिला वाट्टेल ते बोलले. भोळसट म्हणाले, गावंढळ म्हणाले. प्रशांत म्हणाला, "ते सेलूचं बिलूचं कोणी नव्हतं. मशीन असतंय ते. नावात गाव दिसलं की शेजारचं गाव सांगतंय." मला ते पटलं. मशीन नसेल तर कुणीतरी पोचलेला ठग असेल, नागपुरात नाहीतर नोएडात बसून नकाशा बघत असेल. रेणुका उठली. बोरांच्या बिया गोळा करून खाली टाकून आली.

आण्णा सामान न्यायला आले तेव्हा तिनं जिन्यातच त्यांना मोबाइलवरच्या पत्त्यांचं सांगितलं, मी कॉटचे पाय धरून मागं उभी होते. "आण्णा, मी जिंकले होते. समोरचा हरत होता म्हणून उठले न्हाई." आता फटका बसतो असं मला वाटलं. आण्णांनी विचारलं, "कोण व्हता?" ती म्हणाली, "सेलूचा म्हनत होता." आण्णा पायरीवर बसले. मग उठून त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली.

ती ये-जा करायला लागली, आणि मी रोज वाट बघायची की आज येत नाही. पण ती यायची. कारण झुंजूमुंजू व्हायच्या आत आण्णा तिला मोटारसायकलवर फाट्यावर आणून सोडायचे, पहिल्या गाडीला. थंडीत, मग उन्हाळ्यात, मग चिखलात गाडी ढकलत. वर्ष, आणि पुढचंही वर्ष. एकदा धुक्यात बस लागलीच नाही तर तसेच परभणीपर्यंत घेऊन आले, मिशीवर दव, आणि शेताच्या बांधावरूनच परत फिरले. तिचा एक विषय राहिला, एम.एस्सी.ला जायचं राहून गेलं, पण पदवी झाली. आज जिंतुरात तिचं स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे आणि शेतकरी तिला विचारल्याशिवाय फवारणी करत नाहीत. पत्ते मात्र आण्णांच्या अंगणात नंतर बसले नाहीत. भावकीनं खूप म्हणून पाहिलं. आण्णा म्हणायचे, "मला आता डोळ्याला दिसत न्हाई."

परवाच्या त्या पोरांमुळं हे सगळं उसळून वर आलं आणि रविवारी मी रेणुकाच्या गावी गेले. रानात आगटी पेटलेली, तिची दोन लेकरं ज्वारीच्या ताटांमधून पळत होती, ती घरातून चटणी आणायला गेली होती. आण्णा निखाऱ्यात कणसं खोचत होते. थकलेत आता. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "माय, एक इचारू का? तू तवा तिथंच व्हतीस."

"विचारा की, आण्णा."

"ते सेलूचं पोरगं. खरंच व्हतं का गं? का मशीन व्हतं ते? तो मानवतचा प्रशांत म्हनला व्हता मशीन असतंय."

मी त्यांच्याकडं पाहिलं. कणीस हातातच राहिलं होतं, हात भाजत असणार. मोटारसायकलच्या त्या सगळ्या सकाळी हा माणूस हाच एक प्रश्न घेऊन फाट्यावर येत-जात होता, हे मला तेव्हा कळलं. समोर कुणीच नसेल, तर त्यांच्याच कायद्यानं त्यांच्या लेकीला यंत्रापुढं बसवून नागवलं होतं. मला आजही वाटतं की ते मशीनच होतं.

"होतं, आण्णा," मी म्हटलं. "सेलूचंच होतं. मी बोलणं वाचलं ना त्याचं."

आण्णांनी कणीस तळहातावर घेतलं, फुंकर मारली.

"मंग पोरीनं बरोबर केलं," ते म्हणाले.